सहाची गोळी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. शाळेतल्या पोरांना हे पहिल्या आठवड्यात कळतं, सासरच्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्यामुळे अमरावतीच्या त्या दवाखान्यात मी पाय ठेवला तो भांडायच्या तयारीनेच. भांडायला अजून कोणी सापडलं नव्हतं, एवढंच.

बाबांना कंपवात आहे. कंपवात म्हटलं की लोकांना थरथरणारे हात आठवतात. बाबांचे हात फारसे थरथरत नाहीत, त्यांचं अंग आखडतं. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दर तीन तासांनी एक गोळी, अशा सहा वेळा. पाच वेळा साधी गोळी, आणि रात्रीची तेवढी हळूहळू विरघळणारी. गोळी अर्धा तास लांबली की चप्पल पायात सरकत नाही. तास लांबली की शब्द ओठांवर येऊन थांबतो. त्याहून उशीर झाला की घोट गिळता येत नाही, आणि घोट गिळता आला नाही तर गोळी तरी कशी जाणार? आतून कडी लागलेल्या खोलीतच किल्ली राहावी तसं होतं ते.

आई गेल्यापासून बाबा अकोल्याला माझ्याकडे असतात. जन्मभर त्यांनी भिक्षुकी केली. वलगाव, भातकुली, चांदूर बाजारपर्यंत त्यांचे यजमान. आता पूजा सांगणं होत नाही. त्यांच्या गोळ्या आठ वर्षं मीच देते आहे. मी गणिताची मास्तरीण, वेळेला पक्की. शाळेत असले तर बाराची गोळी द्यायला मधल्या सुट्टीत स्कूटीवर घरी येते. नवरा तयार असतो, पण त्याच्यावर सोपवायला माझं मन होत नाही. तो बिचारा या बाबतीत माझ्या वाटेला जात नाही.

दोन वर्षांपूर्वी तापासाठी बाबांना एका दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तिथे गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा ट्रेमध्ये यायच्या, त्याही जेवणं आटोपल्यावर. मी सांगून दमले. तिसऱ्या दिवशी बाबा लाकडासारखे पडून होते, डोळे तेवढे फिरत होते. ताप उतरला होता म्हणून डॉक्टर खूश होते. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मी तर तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

यंदा वलगावच्या एका जुन्या यजमानांनी नवं घर बांधलं. वास्तुशांतीला महाराजांनी, म्हणजे बाबांनी, नुसतं येऊन बसावं, असा त्यांचा आग्रह होता. मी बाबांना घेऊन गेले. नव्या घराच्या गुळगुळीत फरशीवर पाणी सांडलेलं होतं, बाबांचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. यजमानांनी पूजा अर्धी टाकून स्वतःच्या गाडीतून आम्हाला अमरावतीला आणलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशीचं ठरलं.

तर, चारच्या सुमारास वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चांदूर बाजारकडच्या. पेन दोऱ्याने साडीवरच्या कोटाच्या खिशाला बांधलेलं, म्हणजे कोणी मागून नेऊ नये. नमस्कार-चमत्कार काही नाही; आल्या आल्या विचारलं, शेवटची गोळी किती वाजता दिली आणि पुढची किती वाजता आहे. मी गांगरलेच. इतक्या वर्षांत कुठल्याही दवाखान्यात हा प्रश्न मला कोणी पहिला विचारला नव्हता. तीनची दिली, पुढची सहाला, असं मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि डबा मागितला.

डबा म्हणजे माझी शान. सहा कप्प्यांचा, प्रत्येक कप्प्यावर वेळ लिहिलेला. आठवड्याच्या गोळ्या मी रविवारी पाकिटातून फोडून त्यात भरून ठेवते. सिस्टरांनी झाकण उघडलं, दोन गोळ्या तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि डबा बंद करून मला परत दिला. म्हणाल्या, "ताई, पाकीट कुठं हाय? ह्या सुट्ट्या गोळ्या मी नाई देऊ शकत."

मी भडकले. आठ वर्षं देते आहे, मला कळत नाही का, गेल्या वेळी तुमच्यासारख्यांनीच त्यांचं लाकूड केलं होतं, असं बरंच काही बोलले. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. सिस्टरांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तुमी बरोबरच सांगत असान. पन आज तुमी हाय. उद्या तुमी खाली चहाले गेल्या, अन् तिसऱ्याच सिस्टरच्या हाती हा डबा आला, तर तिनं कशाच्या भरवशावर द्यावं?"

समोरच्याचं पटलं की मी तसं म्हणत नाही, पुटपुटते. पुटपुटत मी नवऱ्याला फोन लावला.

पुढच्या दोन तासांत त्या बाईंनी जे केलं ते मी खुर्चीवर बसून बघत होते, आणि माझा राग हळूहळू निथळत गेला. नवऱ्याने अकोल्याहून पाकिटांचे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचे फोटो पाठवले. ते त्यांनी माझ्या फोनवर मोठे करून वाचले, फाइलमध्ये उतरवले. तेवढ्यावर थांबल्या नाहीत. अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर मागितला आणि तीन वेळा फोन लावला. चौथ्यांदा डॉक्टर भेटले तर उभ्याउभ्या दहा मिनिटं बोलल्या, म्हणजे विचारलं आणि लिहिलं. मग आमच्या हाडाच्या डॉक्टरांकडून त्यावर सही आणली. फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने मोठ्या अक्षरात लिहिलं, की उलटीचं नेहमीचं इंजेक्शन या पेशंटला द्यायचं नाही. कंपवाताच्या माणसाला ते बाधतं. मलासुद्धा हे माहीत नव्हतं. आठ वर्षांची जाणकार मी.

खालच्या मेडिकलमधून साधी गोळी म्हणून पाकीट आलं. नाव तेच, कंपनी तीच. मी घाईत होते, पावणेसहा व्हायला आले होते. सिस्टरांनी पाकीट उजेडाकडे धरलं, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि परत पाठवलं. ती हळू विरघळणारी होती. ती सहाला दिली असती तर बाबांचं अंग सुटायला साडेसात वाजले असते. दुसरं पाकीट आलं ते सहाला दोन मिनिटं कमी असताना. रात्रीची गोळी हळू विरघळणारीच, पण परत पाठवली तिच्या दुप्पट ताकदीची; ती मात्र पाचपर्यंत अमरावतीत दोन-तीन दुकानांत शोधूनही मिळाली नव्हती. मग नवऱ्याने आपल्याकडची रीत केली. अकोला स्टँडवर जाऊन पाकीट अमरावतीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती दिलं, मला गाडीचा नंबर कळवला आणि मी साडेसातला स्टँडवर जाऊन ते उतरवून घेतलं. कंडक्टरने पाकीट शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं होतं, तिकिटांच्या मशीनपेक्षा जपून. देताना त्याने एवढंच विचारलं, पेशंट कसा आहे.

आठला ड्यूटी बदलली. इन्चार्ज सिस्टरांची ड्यूटी खरं तर केव्हाच संपली होती. जाण्याआधी त्यांनी रात्रीच्या सिस्टरला बाबांच्या खाटेपाशी उभं केलं आणि गोळ्यांच्या वेळा मोठ्याने म्हणायला लावल्या. ती मुलगी पाढे म्हटल्यासारखी म्हणाली. मग सिस्टर बाबांकडे वळल्या आणि विचारलं, "महाराज, बरोबर सांगतलं का हिनं?" बाबांनी मान हलवली. इतक्या वर्षांत गोळ्यांबद्दल बाबांना कोणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. आ करा म्हणायची आणि जिभेवर ठेवायची.

कुठे शिकलात हे सगळं, असं मी त्यांना जाताजाता विचारलं. त्या पदर खोचत म्हणाल्या, "शिकली कुठं, एकदा माह्या हातून उशीर झाला होता. तो मानूस वाचला. पन त्याचे डोये मले अजून दिसतेत." मला बाबांचे ते फिरणारे डोळे आठवले, तोवर त्या जिन्याने खाली गेल्या.

नऊची गोळी वेळेवर झाली. त्यानंतर एक तरुण डॉक्टर आले आणि सांगून गेले की ऑपरेशन उद्या आहे, रात्री दहानंतर तोंडात काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मी हो म्हटलं. बाबांनीही ऐकलं. डॉक्टर गेल्यावर त्यांनी मला खुणेने पेला मागितला, उजव्या तळहातावर पाणी घेतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पाणी ताटलीत सोडलं. संध्या राहिली असेल, ती आटोपली असं मला वाटलं. मी ताटली पुसून ठेवली.

माझ्या फोनचा गजर रोज सहाला दहा कमी असताना वाजतो. त्या दिवशीही वाजला. आणि मी तो बंद केला. का, तर तोंडात काही द्यायचं नाही म्हणून. ज्या गोळीच्या वेळेसाठी मी काल अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला होता, ती सहाची गोळी मी स्वतःच्या हाताने बाजूला ठेवली, आणि वर आपण नियम पाळला म्हणून समाधानाने बसले. शिकलेली माणसं मूर्खपणा करतात तेव्हा तोही नीटनेटका करतात.

सहाला इन्चार्ज सिस्टर आल्या. घरच्याच साडीत, केस नुसते गुंडाळलेले. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात गोळी. भुलीचे डॉक्टर पहाटे एका सिझेरियनला आले होते. त्यांना थिएटरच्या दारातच गाठून या बाईंनी फाइलवर लिहून घेतलं होतं, की कंपवाताची गोळी चुकवायची नाही, दोन घोट पाण्याबरोबर द्यायची. ऑपरेशनची वेळ आता दुपारी एकवर गेली होती. म्हणजे ही गोळी चुकली असती तर बाबा रात्री नऊपासून दुपारपर्यंत गोळीवाचून राहिले असते. मी हिशेब केला, सोळा तास. हळू विरघळणाऱ्या गोळीचा जोर संपतच आला होता. बाबांच्या पायांची बोटं आत वळायला लागली होती, चेहरा पुसल्यासारखा कोरा झाला होता. आणखी तासाभराने घोट उतरणार नव्हता.

सिस्टरांनी गोळी पुढे केली. बाबांनी ओठ मिटले.

मी म्हटलं, बाबा, घ्या. त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. मी चिडले, मग विनवण्या केल्या, मग पुन्हा चिडले. शेवटी त्यांच्या घशातून खरखरत तीन शब्द आले, "संकल्प सोडला आहे." तेव्हा मला ताटलीतलं ते पाणी कळलं. डॉक्टरांनी उपाशी राहा सांगितलं, आणि बाबांनी त्याचं निर्जळी व्रत केलं होतं. ऑपरेशन पार पडेपर्यंत थेंब घेणार नाही, असं पाणी सोडून बसले होते. जन्मभर लोकांना व्रतं सांगणारा माणूस; उपाशी राहण्याचा दुसरा प्रकार त्याला माहीतच नव्हता. मला हसावं की रडावं कळेना. माझ्या हातून गोळी हिसकावून घेईल असा कोणी समोर असता तर मी लढले असते. इथे समोर बाबाच होते.

मला वाटलं सिस्टर आता दटावतील, किंवा नाक दाबून तोंड उघडतील. मी तसं होताना पाहिलेलं आहे. त्यांनी स्टूल ओढलं आणि बाबांच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर बसल्या. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. मी मात्र तेच बघत होते, सहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"महाराज," त्या म्हणाल्या, "तुमी हजार लोकाइले उपास सांगतले असतीन. मले एक सांगा. दवाई घेतल्यानं उपास मोडते का?"

खोटं बोलणं बाबांना येत नाही, शास्त्राच्या बाबतीत तर नाहीच. हरितालिकेला साखरेचा आजार असलेल्या यजमानीणबाई गोळ्या टाळायच्या, तेव्हा हेच बाबा त्यांना रागावून सांगायचे की आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, आणि बोटं मोजून त्या सांगायचे. त्यातली शेवटची औषध.

"नाही मोडत," बाबा म्हणाले. ओठ जेमतेम हलले. मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात पुढचे शब्द आले, एकेक करत, "पण तो... देवाचा उपास. हा... डॉक्टरांचा."

मला तर त्याही स्थितीत बाबांचा अभिमान वाटला. अंग आखडत चाललं होतं, आणि माणूस मुद्दा सोडत नव्हता. सिस्टरांनाही तो पटला असावा, कारण त्या हसल्या नाहीत. त्यांनी फाइल उघडली, बाबांचा चष्मा उशीखालून काढून त्यांच्या नाकावर नीट बसवला आणि ते पान समोर धरलं.

"म्हनूनच ज्याचा उपास, त्यालेच इचारून आली मी. हे पाहा, लिवून घेतलं. वेळ हाय, सही हाय."

बाबांनी वाचलं. पोथी वाचावी तसं सावकाश, ओळीवरून डोळा फिरवत. सही नीट लागली नाही म्हणून पुन्हा वाचली. सहा वाजून एकवीस मिनिटं. मग त्यांनी तळहात पुढे केला.

मी सवयीने गोळी उचलायला गेले. सिस्टरांनी माझा हात हलकेच बाजूला केला आणि गोळी बाबांच्या तळहातावर ठेवली. हात तोंडापर्यंत जायला फार वेळ लागला. दोनदा वाटलं, पडली. नाही पडली. दोन घोट पाणी, मान थोडी खाली, गिळलं. सिस्टरांनी त्यांचा गळा हलताना बघितला, तोंड उघडायला सांगून जिभेखाली बघितलं, मगच वेळ लिहून सही केली. पाऊण तासाने बाबांची बोटं सरळ झाली आणि त्यांनी मला विचारलं की वलगावची वास्तुशांती पुरी झाली का.

नऊची आणि बाराची गोळीही तशीच झाली. एकला त्यांना आत नेलं. बाहेर आणल्यावर त्यांना उलट्या सुरू झाल्या. दुपारच्या ड्यूटीवरची मुलगी इंजेक्शन आणायला वळली, फाइलवरच्या लाल अक्षरांपाशी थबकली, आणि डॉक्टरांना विचारून दुसरं इंजेक्शन घेऊन आली. इन्चार्ज सिस्टर तेव्हा तिथे नव्हत्या. त्या नसतानाही त्यांचं काम चाललं होतं, याचं मला त्यांच्या सगळ्या धावपळीपेक्षा जास्त कौतुक वाटलं. मी इतकी वर्षं नेमकं उलटं केलं होतं. मी नसले तर काहीच चालू नये, अशी व्यवस्था मी लावून ठेवली होती आणि त्याला काळजी म्हणत होते.

त्या रात्री नऊची गोळी झाल्यावर सिस्टरांनी मला त्यांच्या क्वार्टरची किल्ली दिली. दवाखान्याच्या मागेच दोन खोल्या. म्हणाल्या, भात लावलेला आहे, जेवा आणि झोपा. मी नाही म्हटलं, सकाळी सहाची गोळी आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी किल्ली घेतली. झोपताना गजर लावला, उशाशी फोन ठेवला.

जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन थेट तोंडावर येत होतं. आठला दहा कमी. गजर वाजून वाजून बंद झाला होता आणि मला ऐकूच आला नव्हता. मी चप्पल न घालता धावले. जिन्यात ठेचकाळले. मनात नको नको ते येत होतं: आखडलेली बोटं, कोरा चेहरा, खरखर.

बाबा उशांना टेकून बसले होते. दाढी झाली होती, कपाळाला गंध होतं. माझ्या अनवाण्या पायांकडे बघून म्हणाले, "अगं, हळू. पडशील."

मी विचारलं, सहाची?

"घेतली."

कोणी दिली?

"मीच घेतली," बाबा म्हणाले. "त्या नुसत्या उभ्या होत्या. तुला उठवू का म्हणत होत्या. मी म्हटलं, झोपू द्या तिला. आठ वर्षं झोपली नाही ती."

मी खाटेच्या कडेला बसले आणि सगळ्या वॉर्डासमोर ढसाढसा रडले. आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्यावाचून सहा वाजले होते.